यादीत पुणं खाली

२० जुलै, रविवार
मनीच्या कॉलेजाचं पुन्हा तेच. बाप असून आबा म्हणतात, पुण्याचं पुण्याला राहू दे. काहून राहू दे? मी सातवीतून उठलो तेव्हाही असंच. शाळा कुठं पळून चालली, म्हणले. शाळा न्हाई पळाली, मीच गुजरातेत मोरबीला आलो. दहा वर्षं टाइल्सच्या भट्टीपुढं उभा हाय. आता मनीची पाळी. पुसेगावात बसून पोरीनं सीईटीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल आणले, घरात कुणी पेढा आणला न्हाई. बहीण माझी, पेढे मी वाटले इथं, परक्या लोकांत. फोन आपटला. काच तडकली.

२२ जुलै, मंगळवार
गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ काढली. पुण्याचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. नुसते रकाने आन् इंग्रजी अक्षरं. मुलींचं वेगळं, आमच्या एनटीचं वेगळं, बाहेरच्या विद्यापीठाचं आणखी वेगळं. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. शेवटी शिफ्टच्या इंजिनेरला दाखवलं. माझ्याच वयाचा हाय. त्यानं बोट ठेवलं. आमच्या रकान्यात शेवटी आत गेलेली पोरगी मनीपेक्षा जराशी खालीच. "चान्स है. पक्का नहीं, पर है." मग वर, "सच में तेरी बहन है?"
तोंडावर आलेलं गिळलं. काम त्याच्याशीच होतं.

२४ जुलै, गुरुवार
मनीला सांगितलं. "बघू दादा." एवढंच. तेवढ्यात आबांनी फोन घेतला.
"नांदेडला बी इंजिनेरच होतंय की. शनिवारी घरी येता येतं पोरीला."
"आबा, दोन्ही बराबर न्हाईत."
"तुला काय ठावं? तू सातवी."
व्हय, सातवी. पण रकाना मी वाचला, तुमी न्हाई. हे बोललो न्हाई. इथं लिहून राहिलो.

२६ जुलै, शनिवार
मनी आन् आबा सेनगावला नेट कॅफेत गेले, कॉलेजांची यादी भरायला. मनीनं फोटो पाठवला. एक नंबर नांदेडचं खासगी. मग लातूर, मग संभाजीनगर. पुणं सहाव्या नंबरला, सगळ्यात खाली.
आबांनी लग्नाच्या पत्रिका वाटतात तशी यादी सांगितली. आधी जवळची गावं, मग लांबची. जवळच्यांचा मान आधी. अरे, इथं कोण रुसणार हाय?
इंजिनेर म्हणला, एक नंबरचं लागलं की तेच गळ्यात. कॉम्प्युटर खालचं बघतच न्हाई. सत्त्याण्णववर नांदेड लागणारच, म्हणजे पुणं गेलं. नशीब, सर्व्हर बसला म्हणून फॉर्म पक्का झाला न्हाई. सोमवारी पाचपर्यंत मुदत.

२७ जुलै, रविवार
आबांना नको ते बोललो. शेळ्या विकतानाही तुमी असंच करता, दारात पहिला आला त्याच्या हातात दावं देता, म्हणलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच, "मला कुठं कळतंय हे नंबराचं. मनीला ठावं आसंल."
फोन मनीकडं.
"तुला ठावं होतं, पहिलं लागलं की बाकी बंद?"
"व्हय."
"मग बोलली काहून न्हाईस?"
शेळ्यांचं ओरडणं जवळ आलं, आबांपासून लांब गेली आसंल.
"दादा, पुणं न्हाई लागलं तर लोक म्हणतील, भावानं चढवली होती."
"न्हाई लागलं तर खालचं बघतेत. नांदेड कुठं जात न्हाई."
"ते बी ठावं हाय."
"मग?"
"आन् लागलं तर?"
आठ दिवस आबांवर तापून राहिलो. आता हिच्यावर तापू? मी मोरबीला निघालो तेव्हा मला कुणी विचारलं न्हाई, भेव वाटतं का म्हणून. वाटत होतं. तिला हे सांगायला पायजे होतं. फोन ठेवून दिला, गाढवासारखा.

२८ जुलै, सोमवार, सकाळ
मनीचा मेसेज. "आबा शेतात गेलेत. दहाच्या जीपनं सेनगावला जाते. पैसे न्हाईत."
एक नंबरला काय टाकणार, ते लिहिलं न्हाई. "पुणंच ना?" असं टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा खोडलं. इंजिनेर लांबून हाक मारून राहिला, मारू दे.
जीपचं जाणं-येणं, कॅफेवाल्याचे, आन् वर एका पेढ्याच्या पुड्याचे. आबांच्या न्हाई, तिच्याच फोनवर पाठवतो. तीनशे साठ रुपये.