घर अजून व्हायचंय

१७ नोव्हेंबर
परवा स्लॅब झाला. आज सकाळी वर पाणी सोडायला गेले. रफिक मिस्त्रींनी मातीचे बांध घालून शेतात करतात तसे वाफे केलेत. त्यात घोट्याएवढं पाणी, आणि पाण्यात सगळं आभाळ. चपला काढून मधोमध उभी राहिले. पायाखाली आपलं घर आणि पायाशी ढग. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथंच लिहिते.
मिस्त्री खालून ओरडले, "ताई, पाण्याला सुट्टी न्हाई हां. सिमेंटला तहान लई."
हे नागापूरला कारखान्यात. सुटेस्तोवर संध्याकाळ. तेव्हा पाणी मारणं माझ्याकडे. ब्लाउज शिवायचे तुंबलेत. तुंबू देत.

२४ नोव्हेंबर
भाड्याच्या खोल्या आठवत बसले. प्रत्येक खोलीत आधीच्यांचे खिळे. आपलं कॅलेंडर त्यांच्या खिळ्याला. एका खोलीच्या चौकटीवर कुणाच्या तरी पोराची उंची पेन्सिलीनं मांडलेली होती. पुसली नाही मी. राहिलो तोवर रोज बघत राहिले.
इथं भिंतीला अजून कुणाचाच हात लागलेला नाही. ओल्या सिमेंटचा वास. दारं नाहीत, त्यामुळे वारा या खोलीतून त्या खोलीत हिंडतो. शिलाई मशीन उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवणार. दोरा ओवायला भरदुपारी ट्यूब लावायला नको. आणि घरमालकीण नको. विजेच्या मीटरपेक्षा तीच जास्त फिरते.

१ डिसेंबर
आई आली. मिरजगावहून एसटीनं, एकटीच. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली आणि धपाटे. नेहमीप्रमाणे.
पोर होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही तिच्याकडची रीत. लग्नाला पंधरा वर्षं होत आली. या पंधरा वर्षांत प्रत्येक खोलीवर ती आली, दोन घटका बसली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि गेली. दवाखाने कधीच बंद केले आम्ही. बाटली चालूच.
आज मी मिस्त्री लोकांसाठी चहा केला. तीन विटा, खाली सेंट्रिंगच्या लाकडाचे तुकडे. कप वाटत होते, तर आई म्हणाली, "मला न्हाई व्हय?"
मी तिच्या बाटलीकडे बघितलं.
"आगं, हे घर कुठं हाय अजून? चौकट न्हाई, चूल न्हाई. रानात बसून प्याल्यागत हाय."
दोन कप प्यायली! वर म्हणते, साखर जास्त झाली.

९ डिसेंबर
आई परत आली. आता तिला पाणी मारायचं वेड लागलंय. पदर खोचून पाइप धरते. भिंती काळ्याभोर करून सोडते. मिस्त्री म्हणाले, "आजी, कामावर या रोजच." खूश.
विटांवर पिठलं केलं, भाकरी थापल्या. उद्याच्या स्वयंपाकघरात, जिथं ओटा येणार तिथंच बसलो. जेवली. माहेरी गेल्यावर खाते ती माझ्या हातचं, पण तिथं पीठ तिचं, चूल तिची. हे माझं होतं. पहिल्यांदा.
म्हणाली, "मीठ कमी हाय."
बाहेर जाऊन रडून आले. सांगितलं, धूर गेला डोळ्यात.

२ जानेवारी
प्लास्टर सुरू. आईनं हुरडा आणला. चौघे-पाचजण गोल करून बसलो, मिस्त्री पण. हॉलमध्ये. हॉल म्हणायचं अजून, तिथं वाळूचा ढीग आहे. दुपारी आई त्या वाळूवर पोतं टाकून झोपली. मी तिच्या शेजारी. छताकडे बघत पडलो. गार वाळू. खिडकीच्या भोकातून एक साळुंकी आत आली, फिरून गेली.
आई झोपेत की जागी कळेना, पण बोलली, "हितं झोप बरी लागती."
असंच राहावं. पूर्ण होऊ नये हे घर. काय वेड्यासारखं लिहितेय मी.

२० जानेवारी
फरशी पसंत करायला गेलो. दुकानदारानं सगळं दुकान अंथरलं. मला एकही आवडेना. ही फार पांढरी, ती फार निसरडी. हे परत येताना गाडीवर म्हणाले, "घाई तुलाच होती ना?"
होती.

२८ जानेवारी
दाराच्या चौकटीला गाठ आहे म्हणून परत पाठवली. मिस्त्री कपाळाला हात लावून बसले. "ताई, सागवान हाय, गाठ असनारच."
मला माहीत होतं.

४ फेब्रुवारी
घरमालकिणीनं सांगितलं, पाडव्याच्या आत खोली सोडा, मुलाचं लग्न काढलंय. यांनी लगेच गुरुजींना फोन. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला, पाडव्याच्या आधीचा. आता फरशी रफिक मिस्त्रीच ठरवणार म्हणे, बायको नाही.
रात्री सांगून टाकलं यांना. वास्तुशांत झाली की हे लेकीचं घर होणार. मग आईची बाटली परत येणार. म्हणून चौकट, म्हणून फरशी. वाटलं हसतील. हसले नाहीत. पंख्याकडे बघत म्हणाले,
"आईंना सरळ विचार की."
सरळ! पंधरा वर्षं विचारलं नाही, आता काय विचारू.

११ फेब्रुवारी
विचारलं.
मशीननं फरशी कापायचं काम चाललं होतं, त्या आवाजात. बरं झालं, एकमेकींकडे बघावं लागलं नाही.
मी म्हटलं, नव्या घरात जेवशील ना? ती म्हणाली, रीत काय मी केली का. म्हटलं, मग मोड. मोडायला तरी कुणी अडवलंय. दादाचं नाव सांगू नकोस, वहिनीचं सांगू नकोस, लोकांचं तर मुळीच नको. जरा जोरात बोलले. मशीन थांबलं नेमकं, सगळ्यांनी ऐकलं.
आई पदराचं टोक पिळत बसली. मग हळू म्हणाली, "मी जेवले म्हंजे मी आशा सोडली, संगे. मग तुज्यासाठी वाट बघनारं कोन ऱ्हातंय?"
मी तर केव्हाच सोडलीय. यांनीही. आणि ही बाई माझ्या दारात पंधरा वर्षं तहानलेली बसत आली, ती यासाठी. मला वाटायचं, माझ्यात खोट आहे म्हणून पाणी घेत नाही.
एसटीला बसवून आले. खिडकीतून हात केला तिनं.

२ मार्च
आई आली नाही. कांदे काढायला आलेत म्हणे. फोनवर वहिनीच बोलली.
घर मात्र दिसायला लागलंय. आतून फिकट पिवळा दिला. संध्याकाळी उजेड आत येतो आणि पिवळ्यात मिसळून जातो. कुठं सुरू होतो नि कुठं संपतो सांगता येत नाही. ओट्यावर हात फिरवत उभी होते. गार. माझा. उत्तरेच्या खिडकीत मशीन आणून ठेवलं, एक ब्लाउज तिथंच पुरा केला. टाके सरळ पडले. इतक्या सुखाचं वाटलं, आणि लगेच आई आठवली.

१० मार्च
उद्या वास्तुशांत. आई आली, दादा सोडून गेला. पिशवी जड. बाटली असणार, बघितलं नाही.
मी तिला वर गच्चीवर नेलं. कडेनं कॉलमच्या सळया वर आलेल्या, माणसाच्या कमरेएवढ्या. रफिक मिस्त्री मापं घेत होते. हेही होते. यांचं म्हणणं, सळया कापून टाकू, वॉटरप्रूफिंग नीट होईल. आपल्या दोघांना वरचा मजला कशाला.
आईनं विचारलं, "ह्या कशापाय ठिवल्यात?"
मिस्त्री म्हणाले, "पुढं-मागं वर बांधायचं झालं तर, आजी. जोडायला लागत्यात."
"म्हंजे घर पुरं न्हाई झालं."
"पुरं कशाचं! अजून निम्मंच हाय म्हना."
आई एका सळईला हात लावून उभी राहिली. ऊन कलत आलेलं. तिकडे कारखान्यांच्या चिमण्या, त्यांच्याही पलीकडे डोंगर धुरकट. मग यांच्याकडे वळून, "पाव्हणं, कापू नगा."
हे म्हणाले, "गंजतील हो, आई."
"गंजू द्या," मी म्हणाले. आईच्याही आधी.
यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी टेप गुंडाळला आणि खाली गेले.
रात्री दोघी खाली ओट्यापाशी. मी उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होते, आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. वाटलं झोप लागली.
"संगे."
"काय?"
"उद्या पुरनात जायफळ घालू नगं. मला सोसत न्हाई."
मी वेलदोडे सोलायला घेतले.