स्थितिज ऊर्जेचा पाठ शिकवल्याबद्दल माफी मागण्यास नकार

प्रति,
मा. जिल्हा शिक्षणाधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय.

विषय: लेखी माफीनामा न देण्याबाबत, तसेच शाळेमागच्या उतारावरचा दुसरा दगड तातडीने हटवण्याबाबत.

संदर्भ: आपले दि. १८ मार्चचे ठपक्याचे पत्र.

महोदय,

मी चोंग-उया गावच्या शाळेत एकवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवते.

१. फेब्रुवारीत आठवीला स्थितिज व गतिज ऊर्जा शिकवताना पुस्तकातला चेंडू मुलांच्या डोक्यात शिरेना. म्हणून मी त्यांना शाळेमागच्या उतारावरचे दोन मोठे दगड दाखवले. मुलांनी दोरा व कोनमापक घेऊन उंची काढली, साठ मीटर. पहिल्या दगडाचे वजन अंदाजे आठ टन धरले. उत्तर आले सत्तेचाळीस लाख ज्यूल. बेगिमाय ही विद्यार्थिनी म्हणाली, "उल्जान-एजे, पण हे सगळं खाली आलं तर येणार कुठं?" येणार होते ते आमच्याच वर्गात.

२. हे गणित जोडून मी आपणांस त्याच आठवड्यात पत्र दिले. आपले निरीक्षक आले. उतार न चढता चहा प्याले आणि मुलांसमोर म्हणाले, "बाई, माझ्या आजोबांपासून तो दगड तिथंच आहे. जो हलत नाही त्याला कसली आलीय ऊर्जा? पोरांना उगीच भिववू नका." मुले हसली. आठवीच्या परीक्षेत या उत्तराला शून्य गुण आहेत.

३. दि. १२ मार्च रोजी बर्फ वितळून माती सुटली व पहिला दगड वर्गाची भिंत फोडून फळ्यापर्यंत आला. मुले नूरूझ या वसंताच्या सणाच्या गाण्यांच्या तालमीसाठी मैदानात होती, एवढ्यावरच निभावले. वर्गातल्या शेगडीत कोळसा घालत असलेले शाळेचे शिपाई सात्किन-आके यांचा उजवा पाय कापावा लागला. आपल्यापैकी कोणीही त्यांना भेटायला फिरकले नाही. मी गेले तेव्हा ते म्हणाले, "उल्जान, तुझ्या पोरांचं गणित बरोबर होतं गं."

४. आणि आपला ठपका काय, तर माझ्या पाठामुळे 'घबराट पसरली'! महोदय, गणित चुकले असते तर मी माफी मागितली असती.

५. दुसरा दगड अजून वरच आहे. तो पहिल्याहून मोठा आहे. सबब सोमवारपासून आठवीचा वर्ग आपल्या कार्यालयाच्या आवारात भरेल. पालकांनी ट्रक ठरवले आहेत, फळा आम्ही आणू. दगड हटेपर्यंत एकही मूल त्या वर्गात परत जाणार नाही.

नम्र राहण्याची शिकस्त केलेली,
उल्जान सातारोवा
भौतिकशास्त्र शिक्षिका, चोंग-उया
दि. २३ मार्च

सोबत: मुलांचे गणित, एक पान, सात्किन-आके यांचा रुग्णालयाचा दाखला, आपण पाठवलेला माफीनामा, सही न करता परत.