कौशल्याच्या नावे मुरमाड उतार

मी, भिवराबाई भ्रतार शहादेव गर्कळ, वय एकाहत्तरच्या आसपास, व्यवसाय गवत व शेळ्या, राहणार मौजे कुसळवाडी, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने सांगून लिहवून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला मुलगा दोनदा येऊन गेला, त्याचा उपयोग झाला नाही, हेही लिहा असे मी वकीलसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, "आजी, एवढं लिहायची गरज नसते." मी म्हणाले, "मला हाय."

१. माझ्या एकटीच्या मालकीची जमीन म्हणजे गावाच्या वरचा डोंगरउतार. पूर्वेस नेकनूरची वाट, पश्चिमेस उभा खडक, उत्तरेस गायरान, दक्षिणेस खाली माझे थोरले दीर राधाकिशनराव यांची काळी जमीन. सातबाऱ्यावर हा उतार पोटखराब, म्हणजे पेरणीस निकामी, म्हणून लागलेला आहे. ज्यांनी ती नोंद केली ते वर चढून आले नव्हते.

२. ही जमीन कशी आहे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी नाही म्हणायला नको. वर चपटे गोटे आणि मुरूम, खाली तांबूस चिकणमाती, त्याखाली खडक. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकावा. पहिले पाणी त्या भेगांतून आत जाते. मग माती फुगते, आपले तोंड मिटून घेते आणि पुढचे पाणी वरच्या वर पळते. उतार उभा असल्याने ते पाणी एकटे जात नाही, माती घेऊन जाते. तिला धरून ठेवतात ते वरचे गोटे आणि गवताची मुळे. म्हणून गोटे वेचू नयेत, नांगर घालू नये, आणि जमीन ओली असताना जनावर सोडू नये. खुरांनी चिकणमाती दाबली की तिथे वर्षभर काडी उगवत नाही.

३. हे मला कोणी शिकवले नाही. आमचे घर ते किंमत देऊन शिकले. माझे लग्न झाले तेव्हा काळी जमीन आणि डोंगर एकत्र होता. माझ्या मालकांनी वाटणी मागितली, तेव्हा राधाकिशनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "आदी डोंगर पिकवून दाखव, मंग काळीत वाटा माग." मालक मानी होते. त्यांनी उन्हाळाभर गोटे वेचले, उतार वरून खाली नांगरला, बाजरी पेरली. आखाडात एका दुपारी ढग फुटला. बाजरी, माती, बांध, सगळे ओढ्यात गेले. मालक गुडघाभर चिखलात उभे होते आणि काळीच्या बांधावरून थोरले दीर हसत होते. ते हसणे मी ऐकले आहे.

दसरा झाल्यावर मालक ऊसतोडीला गेले. घाटात उसाची गाडी उलटली, तिच्याखाली ते गेले. पुढच्या साली बहात्तरचा दुष्काळ. माझा मुलगा आसाराम तेव्हा अंगावर पीत होता.

४. सासऱ्यांनी मग दोन गोष्टी केल्या. काळीतला मालकांचा वाटा आसारामच्या नावे लावला आणि डोंगर माझ्या पोटगीदाखल मला लिहून दिला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने विधवेला दगड दिले. आष्टीहून माझा भाऊ न्यायला आला. "कावून ऱ्हातीस हितं? काय हाय तुझं?" मी त्याला उताराकडे बोट करून दाखवले. तो जेवून परत गेला.

मी वाहून खाली आलेले गोटे टोपल्याने पुन्हा वर नेले आणि उताराला आडव्या ओळींनी लावले. त्याच्या आडोशाला आधी कुसळ आले, नंतर पवन्या, मारवेल ही जनावराच्या पसंतीची गवते. काट्यांचे कुंपण केले. गावाने कुंपण मोडले, मी पुन्हा केले. शिव्या खाल्ल्या, दिल्याही.

५. पुढे राधाकिशनराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले. दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात काळीत नुसती ढेकळे उरली, विहिरी आटल्या, संस्थेच्या म्हशी दावणीला बसू लागल्या. माझ्या उतारावर मात्र आदल्या दोन सालांचे वाळलेले गवत गंजी लावून होते आणि उभेही होते. चेअरमनसाहेब माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, जनावरं मरतील. उतार मोकळा करा."

"गवत देते, भावजी. जनावर वर चढणार न्हाई. कापायचं अन् डोक्यावर खाली न्यायचं. अन् ज्या बाया कापतील त्या त्यांच्या नावानं संस्थेच्या सभासद व्हतील."

"बायांचं काय काम संस्थेत?"

"मंग म्हशीला काळी माती चारा."

ते उठून गेले. दोन दिवसांनी ठराव झाला. पहिली सभासद माझी सून कौशल्याबाई. त्या साली ती दरसालसारखी ऊसतोडीला गेली नाही. त्यानंतर ती कधीच गेली नाही.

६. आता मुलाबद्दल. आसारामने काळीतला आपला वाटा जीपगाडीसाठी विकला. ती त्याची जमीन होती, मी बोलले नाही. पण मागल्या उन्हाळ्यात त्याने मला न विचारता माझा उतार मुरुमासाठी एका रस्त्याच्या ठेकेदाराला बोलून टाकला. मी दवाखान्यात होते. मशीन वर चढले आणि घराएवढा लचका तोडला. कौशल्या गवताचा विळा घेऊन धावली आणि त्या खड्ड्यात जाऊन बसली.

आसाराम ओरडला, "ऊठ तिथनं! नुसता दगडाचा डोंगर हाय त्यो!"

ती म्हणाली, "आदी मला उचला, मंग मुरूम उचला."

गवत कापणाऱ्या सगळ्या बाया वर आल्या. मशीन उलटे फिरले. नवरा तिच्याशी महिनाभर बोलला नाही, माहेरचे समजूत घालायला आले, ती हलली नाही. मी घरी आले तेव्हा ती त्या खड्ड्याच्या तोंडाला गोटे लावत होती. मला म्हणाली, "आत्या, अजून चार पावसाळे लागतील." एवढेच.

७. सबब, वर लिहिलेला संपूर्ण उतार, गवत, गंजी व कुंपणासह, मी माझी सून कौशल्याबाई भ्रतार आसाराम गर्कळ हिला एकटीला देत आहे. सून रक्ताची नसते म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे पाहावे. मीही या घरात सूनच होते.

८. राहते घर आसाराम व कौशल्या यांना निम्मे निम्मे. आसारामवर माझा राग आहे, वैर नाही. तो पोटचा आहे. पण पोटचा आहे म्हणून डोंगर मिळत नाही. शेळ्या व विळे कौशल्याला. माझ्या चांदीच्या पाटल्या शेजारीण जानकीबाईच्या नातीला, कारण तिने मागितल्या.

९. माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये. गवतकापणीचे दिवस असतील तर ज्यांना यायचे त्यांनी विळा घेऊन यावे. नसतील तर घरी बसावे.

१०. साक्षीला मी मुद्दाम थोरले दीर राधाकिशनराव यांना बोलावले, म्हणजे उद्या भावकीत कोणी म्हणू नये की म्हातारीला फसवून लिहून घेतले. त्यांना सगळे वाचून दाखवले. तिसऱ्या कलमाला ते थांबवून म्हणाले, "बाई, त्ये हसल्याचं खोडा."

मी म्हणाले, "खोटं असंल तर तुमीच खोडा, भावजी. पेन तुमच्या हातात हाय."

त्यांनी कागद पुढ्यात ओढला. खोडले नाही. सही केली. ही हकीगत त्यांच्यासमोरच इथे लिहून घेतली आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करणार नाही.

ठिकाण : बीड
दिनांक : १४ जून २०१९

लिहून देणार : भिवराबाई शहादेव गर्कळ (सही. अंगठा नाही.)

साक्षीदार :
१) राधाकिशन विठ्ठलराव गर्कळ, कुसळवाडी (सही)
२) जानकीबाई त्रिंबक सानप, कुसळवाडी, सभासद, दूध संस्था (सही)