आत्याले घेऊन येतो

नागपूर, फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप आबा,

मुंबईच्या कालेजानं शेवटचे महिने मले इथल्या वेड्यांच्या इस्पितळात काम शिकाले धाडलं. बऱ्या झालेल्या मानसाची घरच्यायशी पुन्हा गाठ घालून द्यायची, हेच आमचं शिक्षन. इथं मले तुमची बहीण सोजरआत्या भेटली. ती वारली, असं तुमी आमाले सांगतलं होतं.

आत्या गोधडी शिवून राह्यली होती. मी आपल्या गावची, रिठदची म्हनल्यावर तिनं मान वर केली.

"बबनची पोर काय तू? नाक त्याचंच हाय."

डाक्टर म्हनाले, "बाई केव्हाच बरी झाली. न्यायले कोनी येत नाही."

आत्याले घरी न्यायच्या कागदावर मी सही केली. तुमाले विचारलं नाही. लोक बोलतील, धाकटीचं लग्न अडन, असं तुमी म्हनसान. लोकायले मी समजावतो, दोन वर्सं तेच शिकली.

आत्यानं भीत भीत विचारलं, "बबन मले घरात घेईन काय?"

"घर माझंबी हाय, आत्या," मी म्हनलं.

हे पत्र मी डाकेत टाकत नाही. कागद वाचून तुमी नाही म्हनसान. उद्या आत्या दारात उभी राहीन, तिच्या तोंडाकडं पाहून तुमच्यानं 'नाही' म्हनवनार नाही.

तुमची लेक,
चतुरा