ताऊजींची बंदूक आणि आमचे नारळ

३ नोव्हें.
सोनूच्या सासरची मंडळी मानेसरहून येऊन गेली. तारीख ठरली, हॉल ठरला. मग जावयाचे थोरले काका, ताऊजी म्हणतात त्यांना, मिशीला पीळ देत म्हणाले, "बहनजी, बारात में पाँच-सात फायर तो मैं करूँगा ही." मी म्हटलं, "शादी है या बॉर्डर?" ह्यांनी टेबलाखालून पाय दाबला. दाबा. गेल्या वर्षी मागच्या ब्लॉकच्या वरातीत बँडवाल्याच्या मांडीत छर्रे घुसले, तेव्हा जखमेवर ओढणी मी बांधली होती. हे गॅलरीतून बघत होते.

५ नोव्हें.
महिला मंडळात विषय काढला. अध्यक्ष कुलकर्णीबाई लगेच बॅनर करायला निघाल्या. 'निःशस्त्रीकरण'. मी चौथी शिकलेली. म्हटलं, बाई, हे वाचून होईस्तोवर ताऊ बंदूक रिकामी करेल. रागावल्या. चहा नाही दिला.

८ नोव्हें.
विहीणबाईंना फोन. कुजबुजतच बोलतात. "मुझे खुद डर लगे है. पिछली शादी में छत की टंकी फोड़ दी, पूरी बारात भीग गई." मग बोला ना त्यांना! "जेठ हैं, बहनजी. घूँघट में से क्या बोलूँ." जेठ म्हणजे थोरले दीर.
सोनू रडते. आई, तू लग्न मोडशील. नाही मोडत गं. पण तुझ्या डोक्यावरून गोळ्या...

११ नोव्हें.
थाप मारली. ताऊजींना सांगितलं, आमच्यात सीमांतपूजनाला मुलाकडच्या थोरल्यांनी दोन हातांत दोन नारळ घेऊन आत यायचं. पडला तर अपशकुन. "बिल्कुल, बहनजी!" खूश. कुलकर्णीबाई म्हणतात, असं कुठल्या पुस्तकात आहे? म्हटलं, मी कुठे पुस्तकं वाचते.

२३ नोव्हें.
लागलं एकदाचं लग्न. पाय सुजलेत.
गेटवर मंडळाच्या सगळ्या बायका ताटं घेऊन. ताऊजी आले, खांद्यावर बंदूक. आधी दोन्ही हातांत नारळ दिले. कुंकू लावलं आणि बंदूक उतरवली. पट्टा नारळावरून काढावा लागला. "अरे अरे, बहनजी!" पण नारळ टाकणार कसा? घुंघटात विहीणबाई खुदकन हसल्या. मग अख्खी वरात.
जेवणानंतर मागायला आले. तोंडाला दारूचा वास. म्हटलं, शुद्धीवर आलात की घरी येऊन न्या.

२५ नोव्हें.
ह्यांना झोप नाही. "सरकारी क्वार्टरमध्ये बंदूक! लायसन त्याचं. नोकरी जाईल माझी." काडतुसं ताऊच्याच खिशात राहिलीत, तरी घाम. कुलकर्णीबाई बघायला आल्या. लांबून.
विहीणबाईंचा फोन. "देना मत, बहनजी. फरवरी में छोटे की शादी है." आता सोनू त्याच घरात.

३० नोव्हें.
ताऊजी आलेत. बाहेर हे पाणी देतायत. "समधन कहाँ हैं?" समधन म्हणजे विहीण, म्हणजे मी.
मी आत बेडवर बसून लिहितेय. बंदूक बेडच्या पेटीत, रजयांखाली. मी उठल्याशिवाय झाकण उघडत नाही.
हे दारातून खुणा करतायत, ऊठ.
म्हटलं, कंबर धरलीय म्हणून सांगा.
ताऊजींचा आवाज, "कोई बात नहीं, मैं बैठा हूँ."