साडूंची एक चकती, माझ्या दोन

तीर्थस्वरूप मामांना,

कागदावरूनच वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकणं सध्या जमत नाही. उजवा गुडघा सोलला आहे. तो कसा सोलला हे सांगायलाच हे पत्र, पण आधी खुशाली.) तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकलं का? मामींचा खोकला आता कसा आहे? सायकलचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही घरातल्या पंख्यांना आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत हिंडता, असं मामी आईला फोनवर म्हणाल्या. खुशाल घाला. हाताला काम हवंच. आई ठणठणीत आहे. तुम्ही पाठवलेली काठी ती वापरत नाही, पण आल्यागेल्याला काढून दाखवते. माझं काम नेहमीचंच: लोक लिफ्टमध्ये अडकतात, मी त्यांना बाहेर काढतो, आणि बाहेर आल्यावर ते मला शिव्या देतात.

आता मूळ विषय. माझे साडू, म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तुम्हाला आठवत असतील. दातांचे डॉक्टर. आमच्या लग्नात ते तासभर तुमच्या शेजारी बसले होते आणि नंतर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की माणूस मोठा सज्जन आहे. मामा, उभ्या आयुष्यात तुमच्याबद्दल माझी तेवढी एकच तक्रार आहे. मला त्यांचा हेवा वाटतो असं हिचं म्हणणं आहे. तसं काही नाही. त्यांच्या डोक्यावर या वयात सगळे केस आहेत, असोत. ते बोलताना आवाज चढवत नाहीत, न चढवोत. (दिवसभर समोरच्याच्या तोंडात बोटं घालून बसलेल्या माणसाला आवाज चढवायची वेळच येत नाही. कुणी उलट बोललं तर ना.) तीन वर्षांपूर्वी त्यांची पाठ दुखायची, तेव्हा सायकल चालवा असं त्यांना सांगणारा मी. हँडल कसं धरायचं, चढावर कधी उठायचं, हे दाखवणारा मी. आज ते अंगाला घट्ट बसणारे सायकलीचे कपडे घालून आमच्या दारात उभे राहतात आणि ते कपडे त्यांना शोभतात. तेच कपडे मी घातले तर ही विचारते, कुठे पोहायला निघालात का?

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी नवी सायकल घेतली, आणि तिला पुढे, पॅडलपाशी, एकच चकती. आपल्याला माहीत आहे ती रस्त्यावरची सायकल म्हणजे पुढे दोन दातेरी चकत्या: धाकटी चढासाठी, थोरली सपाटीला आणि उताराला. साडूंच्या सायकलीला मधल्या मापाची एकटीच, आणि मागे गिअरची अशी उतरंड की शेवटचं चक्र जेवायच्या ताटाएवढं. पुढची चेन सरकवायची कटकट नाही, डावा हात मोकळा, विचार करायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, विचार करायला नको म्हणून कुणी दात काढून घेतं का? यावर ते हसले. माझ्या विनोदांना ते नेहमी हसतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

इथवर मी सगळं पोटात घातलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी त्यांनी आपल्या जुन्या सायकलीचा निळा सांगाडा आमच्या टिल्लीला देऊन टाकला. (टिल्ली आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलं.) तिने तो घरी आणून बैठकीच्या खोलीत उलटा टांगला आणि जाहीर केलं की सायकल मी स्वतः जोडणार. मला आनंद झाला. तुमच्या दुकानात मांडी घालून चाकाचा बाक काढायला मी शिकलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. म्हटलं, पोरीत उतरलं. हत्यारांची पेटी पुसून काढली आणि वाट पाहत बसलो. ती काही विचारायला आली नाही. रविवारी सकाळी पिशवीत सुटे भाग भरायची आणि मावशीकडे जायची. डॉक्टरांना, मामा. ज्या माणसाला परवापर्यंत पाना कुठल्या बाजूने धरायचा हे माहीत नव्हतं, त्याला विचारायला. ही म्हणाली, भाऊजी शांतपणे समजावतात म्हणून जात असेल. मी त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोललो नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग प्रश्न निघाला की निळ्या सायकलीला पुढे चकत्या किती. साडू जेवायला आले होते. टिल्लीने विचारलं दोघांकडे पाहून, पण मान जरा त्यांच्याकडे जास्त वळली होती. (मी बरोबर मोजली.) मी लिफ्टचा दाखला दिला. म्हटलं, वीस वर्षं लोकांना वर-खाली नेतोय, एकाच दोरावर लिफ्ट टांगलेली कुणी पाहिली आहे का? दोन हवेत, तीन हवेत. साडूंनी भाजी वाढून घेतली आणि अगदी मनापासून विचारलं, "पण मोटर एकच असते ना?" टिल्ली हसली. आमची ही हसली. आई, जिला काहीही ऐकू आलं नव्हतं, तीही हसली. तेव्हा मी म्हणालो की रविवारी टाकीच्या टेकडीवर चला, काय ते रस्ताच सांगेल. साडू म्हणाले, येतो की. टिल्लीने शेजारच्या शिक्षिकाबाईंची सायकल मागून घेतली.

टेकडी तशी साधी. अलीकडून दोन किलोमीटर चढ, माथ्यावर पाण्याची टाकी, पलीकडे तीन किलोमीटर सरळसोट उतार आणि खाली कालव्याचा पूल. माझा बेत असा होता की चढाला त्यांच्या बरोबरीने राहायचं आणि उताराला थोरल्या चकतीवर त्यांना मागे टाकायचं. चढ सुरू झाला. शहाणा माणूस पायथ्याशीच धाकट्या चकतीवर उतरतो. मी उतरलो नाही, कारण साडू शेजारी होते आणि टिल्ली मागून बघत होती. थोरल्या चकतीवरच अर्धा चढ चढलो. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा, पायाचा सगळा जोर पॅडलवर असताना, चेन सरकवायचा डावा खटका दाबला. (तुम्ही हे वाचून कपाळावर हात मारला असणार. माहीत आहे. तुमच्याच दुकानात तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं, खटका दाबताना पाय हलका.) चेन धाकट्या चकतीलाही न शिवता थेट आत पडली, पाय रिकामे फिरले आणि मी खडीवर आडवा झालो. साडू थांबले. त्यांच्याकडे पट्टी होती, औषध होतं, हातमोजेही होते. माझा गुडघा धुतला, मग अडकलेली चेन दोन बोटांनी अशी हलकेच बाहेर काढली की मला दातच काढल्यासारखं वाटलं. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांना पुढे पाठवलं आणि लंगडत माथा गाठला. ती दोघं टाकीपाशी उभी होती. मी थांबलोच नाही. "चला उताराला," एवढं म्हणून थोरल्या चकतीवर चढलो आणि जो सुटलो, मामा, तसा मी पंचविशीतही सुटलो नव्हतो. मागे चेनची खडखड ऐकू येत होती. साडू असणार, एका चकतीवर पाय गरागरा फिरवत असणार, या विचाराने आणखी जोर केला. (ती खडखड माझ्याच चेनची होती, हे नंतर लक्षात आलं.) पुलावर पोहोचलो तर मागे रस्ता रिकामा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कठड्यावर एक म्हातारबुवा गळ टाकून बसले होते. त्यांना सांगितलं की मी पहिला आलो. त्यांनी विचारलं, "किती जणांत?"

वीस मिनिटं झाली. पोरगी पडली की काय? फुटका गुडघा घेऊन तो तीन किलोमीटरचा उतार चढ म्हणून चढलो, या खेपेला पायथ्यापासूनच धाकट्या चकतीवर. वर ती दोघं टाकीच्या पायऱ्यांवर बसलेली. शिक्षिकाबाईंच्या सायकलीचं मागचं चाक पंक्चर झालं होतं. टिल्ली टायर काढायच्या खटपटीत, हात कोपरापर्यंत काळे. साडू शेजारी केळं खात होते. धाप टाकत मी गेलो आणि सवयीने तिच्या हातातला पाना घेतला. तिने तो दिला. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, काका मला समजावतात म्हणून मी त्यांच्याकडे जाते असं तुम्हाला वाटतं ना? त्यांना काहीच येत नाही. ते मला करू देतात."

साडूंनी मान डोलावली. "खरंच काही येत नाही," म्हणाले.

मी पाना परत दिला. तिला पंक्चर काढायला पाऊण तास लागला. मी टाकीभोवती चालत राहिलो, कारण उभा राहिलो असतो तर हात पान्याकडे गेला असता. केसांचा, कपड्यांचा, नव्या सायकलीचा हेवा करणं मला समजत होतं. एखाद्याच्या अज्ञानाचा हेवा वाटेल, असं या वयापर्यंत वाटलं नव्हतं. (वाटतो असं मी म्हणत नाही. एक विचार म्हणून लिहिलं.) घरी येईपर्यंत तिघांत मी सर्वांत मागे होतो. गुडघ्यामुळे.

असो. दोन चकत्याच बऱ्या, हे माझं मत कायम आहे. मामींना नमस्कार सांगा, डोळा जपा.

तुमचा भाचा

ता. क. टिल्लीने दोन चकत्या लावायचं ठरवलं आहे. पण आनंद करू नका. परतताना साडूंनीच तिला सांगितलं की उताराला आपली एक चकती अपुरी पडते, पाय नुसते रिकामे फिरतात, मागच्या गिअरांच्या मापांतही फार अंतर पडतं, तुझ्या बाबांचंच बरोबर आहे. म्हणजे माझंच म्हणणं, पण तिला पटलं ते त्यांच्या तोंडून. म्हणून विनंती: तुम्ही टिल्लीला एक पत्र लिहा, की आपल्या घराण्यात पहिल्यापासून दोनच चकत्या. वर गेल्या महिन्याची तारीख टाका. पोस्टाला उशीर होतच असतो.

ता. क. दुसरा. हे पत्र चार दिवस पिशवीतच राहिलं. काल दुपारी टिल्लीने दोन्ही चकत्या चढवल्या आणि मला हाक मारली. म्हणाली, बसा, सांगा, पण हात लावायचा नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. जे काम मी पंधरा मिनिटांत केलं असतं त्याला अडीच तास लागले. चेन तीनदा पडली. मी फक्त दोनदा खोकलो. संध्याकाळी साडू आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, एकदम झकास जमलंय. तेव्हा ते तारखेचं पत्र लिहू नका. एवढंच कळवा: धाकट्या चकतीवर असताना चेन तिला सरकवणाऱ्या पुढच्या पत्र्याला जराशी घासते, अगदी बारीक आवाज, स्क्रूला अर्धा पीळ दिला की गेला. तो तिचा तिला ऐकू यायला साधारण किती दिवस लागतील? तोवर मी थांबतो. साडूंना तो ऐकू आला नाही, मामा. मला आला.