योद्ध्याच्या पोटातून

तीर्थरूप कानेजीकाकांस,

सुमिएचा कमरेत लचक भरेपर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? हिरोसाकीत सफरचंदं चांगली धरल्याचं कळलं. (गेल्या थंडीत माझ्याकडे पेटी आली नाही, त्यावरून तुमचा राग कसा धरलाय तेही कळलं.) तुमच्या हाताखाली उत्सवाचे पंख्याच्या आकाराचे रथ रंगवायचे सोडून मी आओमोरीचे, तुमच्या भाषेत "फुगलेले बाहुले", शिकायला आले, आणि या रथांचं तोंड मरेपर्यंत बघणार नाही अशी शपथ तुम्ही घेतलीत. ती पाळता आहात ना? पाळाच. कारण त्या तोंडाचं परवा मी जे केलंय, ते तुम्हाला बघवणार नाही.

झालं असं, की यंदाच्या चित्ररथावर भाला उगारलेला योद्धा आहे. तारेचा सांगाडा झाला होता, कागद चिकटवणाऱ्या बायका भराभर हात चालवत होत्या, आणि मी योद्ध्याच्या पोटात शिरून दिवे जोडत होते. नारुमीबाईंनी (हात जितका चालतो त्याच्या दुप्पट तोंड) बोलता बोलता शेवटचं भोकही बुजवलं. मी आत! हाक मारणार, तोच बाहेर शांतता पसरली. ओसानाई गुरुजींनी योद्ध्याचं तोंड रेखायला शाईचा कुंचला उचलला होता. तेव्हा कुणी श्वासही जोरात घेत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? मी तारेला धरून बसले. डोक्यावर कागदातून काळी रेघ उमटत होती, भुवई, नाक, मिशी. काका, इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मला शिंक आली.

सांगाडा हादरला आणि मिशी थेट कानापर्यंत गेली. नारुमीबाई किंचाळल्या, "अगं बाई, योद्धा शिंकला!" गुरुजींनी पोट फाडून मला बाहेर काढलं. वाटलं, आता गाशा गुंडाळायचा. ते मिशीकडे बघत म्हणाले, "या मुलीला पुढच्या बाजूला फिरकू देऊ नका. हिला पाठ द्या." म्हणजे रथाची अख्खी मागची बाजू, एकटीला! शिक्षा की बढती, तेच कळेना.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी नसावी (करत नसालच).

तुमची,
सुमिए

ता. क. पाठीवर बाई काढली आहे. काकू गेल्यापासून तुमच्या पंख्यामागे दरवर्षी असते, तीच. इथे कुणाला माहीत नाही ती कोण.

आणखी ता. क. तिच्या डाव्या कानाजवळची बट मला जमत नाही. ती कशी पडायची ते तुम्हालाच ठाऊक. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "पंखेवाला येणार असेल तर चहा टाका." रथ गाडीवर चढवण्याआधी या. मागच्या दारानं या, तिथून तोंड दिसत नाही. शपथ मोडणार नाही. तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.